कांद्याच्या मुळापासून सुरुवात: विषारीपणा तपासण्यासाठी वनस्पतींच्या पेशी कशा वापराव्यात

एखादे नवे रसायन, रंग, वनस्पतीचा अर्क किंवा कारखान्याचे सांडपाणी पेशींना घातक आहे का, हे शोधण्याची जुनी वाट प्राण्यांवरून जाते. १९२७ साली ट्रेव्हन यांनी एलडी-५० ही मोजपट्टी मांडली: ज्या मात्रेने निम्मे प्राणी मरतात ती मात्रा. पुढे कित्येक दशके असंख्य उंदीर-घुशी या एका आकड्यासाठी मेल्या. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी तीन गोष्टींचा आग्रह धरला: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरे काही वापरा, नसेल तर प्राण्यांची संख्या कमी करा, आणि तेही नसेल तर त्यांचा त्रास कमी करा. तोंडावाटे मात्रा देऊन करायची जुनी एलडी-५० चाचणी, म्हणजे क्रमांक ४०१, ओईसीडी या चाचण्यांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००२ मध्ये रद्दच केली.

वनस्पतींच्या पेशी यातल्या पहिल्या दोन गोष्टींना थेट हातभार लावतात. हा लेख त्यातल्या सर्वांत सोप्या आणि सर्वांत जुन्या चाचणीबद्दल आहे: कांद्याच्या मुळांची चाचणी. अल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ मध्ये कोल्चिसिन या पेशीविभाजन अडवणाऱ्या रसायनाचा परिणाम कांद्याच्या मुळांवर पाहिला, तिथून तिची सुरुवात धरतात. फिस्केश्यो यांनी १९८५ मध्ये पर्यावरण तपासणीसाठी तिला प्रमाणित रूप दिले. शेवटी तंबाखूच्या पेशींच्या द्रवसंवर्धनाचाही थोडा भाग आहे, पण नवख्याने कांद्यापासूनच सुरुवात करावी. कांदा चुका दाखवतो आणि चुकीची किंमत फार मोजायला लावत नाही.

आधी हे ठरवा: प्रश्न कोणता आहे?

कांद्याची पेशी आपल्या पेशीसारखीच केंद्रक असलेली आहे. तिच्यात १६ गुणसूत्रे असतात, ती मोठी असतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसतात. डीएनए, हिस्टोन (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिने), विभाजनाचा तर्कू (गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारी धाग्यांची चौकट), तुटलेला डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा या गोष्टी मुळात सारख्याच. म्हणून तीन प्रश्नांना ती विश्वासाने उत्तर देते. पदार्थ पेशी मारतो का? विभाजन थांबवतो का? गुणसूत्रे तोडतो किंवा त्यांची वाटणी बिघडवतो का?

याच्या पलीकडचे प्रश्न तिला विचारू नका. मज्जातंतूंवर काम करणारी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर अडवून प्राणी मारतात. कांद्याला मज्जासंस्थाच नाही, तेव्हा तिथे कांदा 'ठीक आहे' म्हणाला तर त्याला काही अर्थ नाही. यकृतातली रूपांतरे, गर्भावरचे परिणाम, अ‍ॅलर्जी, संप्रेरकांचा बिघाड यांचेही तसेच.

उलट दिशेनेही फसगत होते. ग्लायफोसेट ज्या विकराला अडवते ते सस्तन प्राण्यांत नसतेच. मॅलेइक हायड्राझाइड वनस्पतींची गुणसूत्रे जोरात तोडते, पण सस्तन पेशींवर त्याचा तसा परिणाम फार क्षीण. तर्कूच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक आहे. ओरायझालिन आणि ट्रायफ्लुरालिन ही तणनाशके वनस्पतींच्या ट्युब्युलिनला, म्हणजे तर्कूचे धागे ज्याचे बनतात त्या प्रथिनाला, धरतात, प्राण्यांच्या ट्युब्युलिनला जवळजवळ नाही. कोल्चिसिनचे नेमके उलटे: प्राण्यांच्या पेशींत अगदी अल्प प्रमाणात काम करणारे कोल्चिसिन वनस्पतींत कितीतरी जास्त लागते. म्हणून तर्कू बिघडलेला दिसला, की त्या निष्कर्षाला सस्तन पेशींच्या चाचणीची जोड लागतेच.

थोडक्यात ही पहिली चाळणी आहे. वीस पदार्थांपैकी कोणते बाद करायचे आणि कोणते पुढे न्यायचे, हे ती ठरवून देते, आणि प्राण्यांचे प्रयोग वाचतात ते इथेच. औषध किंवा रसायनाची नोंदणी करताना मात्र यंत्रणा मान्य पद्धतींचेच निकाल मागतात: ओईसीडी ४७१ ही जिवाणूंवरची, ४७३ ही सस्तन पेशींतल्या गुणसूत्रांची, ४८७ ही सूक्ष्मकेंद्रकांची (मुख्य केंद्रकाबाहेर सुट्या पडलेल्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची). यांतल्या कोणत्याही चाचणीत जिवंत प्राण्याला मात्रा द्यावी लागत नाही. कांद्याचा निकाल त्यांच्या जागी लावता येत नाही. जमिनीच्या तपासणीत मात्र वनस्पतीच मुख्य साक्षीदार असते. बाकला या शेंगवर्गीय पिकाच्या मुळांतली सूक्ष्मकेंद्रके मोजण्याची पद्धत आयएसओ २९२०० म्हणून २०१३ पासून प्रमाणित आहे.

साहित्य

कांदे: एकाच जातीचे, एकाच लॉटमधले, २५ ते ३० मिलिमीटर व्यासाचे. मोठे कांदे नळीच्या तोंडावर बसत नाहीत आणि त्यांची मुळे कमी-जास्त वेगाने येतात. इथे सर्वांत मोठा सापळा आहे. साठवणुकीतल्या कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्यावर किरणांचा मारा केलेला असतो, किंवा शेतातच मॅलेइक हायड्राझाइड फवारलेले असते. वर ज्याचा उल्लेख आला तेच, गुणसूत्रे तोडणारे. असे कांदे एकतर मुळे धरत नाहीत, किंवा कंट्रोलमध्येच (म्हणजे तुलनेसाठी नुसत्या पाण्यावर ठेवलेल्या कांद्यांत) तुटकी गुणसूत्रे दाखवतात. त्यामुळे प्रक्रिया न केलेले कांदे थेट पिकवणाऱ्याकडून घ्या, आणि प्रत्येक नव्या लॉटमधले दहा कांदे आधी नुसत्या पाण्यावर लावून पाहा. आठपेक्षा कमी कांद्यांना ४८ तासांत भरघोस मुळे आली तर तो लॉट बाजूला ठेवा. कांद्याचे बी वापरले तर आनुवंशिक सारखेपणा जास्त मिळतो आणि वर्षभर तेच बी पुरते. पण मुळे नाजूक असतात, स्लाइड करायला सराव लागतो.

पाणी: नळाच्या पाण्यातला क्लोरीन आणि तांब्याच्या नळातून आलेले तांबे दोन्ही मुळांना मारक. तांबे तर अगदी थोडे असले तरी मुळांची वाढ खुंटवते. निव्वळ डिस्टिल्ड पाण्यात कॅल्शियम नसल्याने मुळे लवकर कमजोर होतात. गाळलेले, क्लोरीन नसलेले, मध्यम कठीण पाणी उत्तम. ते मिळत नसेल तर डिस्टिल्ड पाण्यात प्रति लिटर सुमारे ०.३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट घाला आणि सगळ्या प्रयोगांत तेच पाणी ठेवा. पाण्याचा सामू ५.५ ते ८ च्या दरम्यान हवा, आणि तो दररोज नोंदवायला हवा.

काचेच्या नळ्या किंवा ५० मिलिलिटरचे अरुंद तोंडाचे बीकर, नवे ब्लेड, चिमटा, मिलिमीटरची पट्टी, ६० अंश सेल्सियसचा वॉटर बाथ, स्लाइड, कव्हरस्लिप, टिपकागद, ४० आणि १०० पट भिंगांचा सूक्ष्मदर्शक. प्लास्टिकच्या नळ्या टाळा; तेलात विरघळणारे पदार्थ त्यांच्या भिंतींना चिकटतात आणि मुळांपर्यंत पोचणारे प्रमाण तुम्ही लिहिलेल्यापेक्षा कमी राहते.

फिक्सेटिव्ह (पेशी आहेत त्या अवस्थेत टिकवणारे द्रावण): तीन भाग एथेनॉल, एक भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. लागेल तेव्हाच करा. ठेवून दिले की दोघांपासून एस्टर बनत जातो आणि त्याची पकड कमी होते.

स्टेन (केंद्रके रंगवणारे द्रावण): १ ग्रॅम कार्मिन १०० मिलिलिटर ४५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये मंद उकळीवर विरघळवा, थंड करा, गाळा, तपकिरी बाटलीत ठेवा. हे काम धूरकपाटातच (वाफा बाहेर ओढून टाकणाऱ्या कपाटात) करायचे. ऑर्सीन वापरायचे असेल तर २ टक्के, त्याच आम्लात.

द्रावणे आणि कंट्रोल

एका पदार्थासाठी किमान पाच संहत्या घ्या, प्रत्येक आधीच्या सुमारे ३.२ पट. समजा तुमचे मूळ द्रावण लिटरला १००० मिलिग्रॅमचे आहे. त्यातले १० मिलिलिटर १०० पर्यंत भरले की १०० मिलिग्रॅम प्रति लिटर, ३.२ मिलिलिटर १०० पर्यंत भरले की ३२. खालच्या तीन संहत्या, म्हणजे १०, ३.२ आणि १, मूळ द्रावणातून न करता या १०० च्या द्रावणातून करा: अनुक्रमे १०, ३.२ आणि १ मिलिलिटर घेऊन १०० पर्यंत. अगदी छोटी मापे मोजण्यातली चूक त्यामुळे टळते. ही पाच आधी दोन-दोन कांद्यांवर चाचपून पाहा; वाढ १०० टक्क्यांवरून शून्याकडे कुठे घसरते ते कळले, की खऱ्या प्रयोगाच्या संहत्या त्या पट्ट्यात दाटीने घ्या.

सांडपाणी असेल तर टक्क्यांत: १००, ५०, २५, १२.५, ६.२५. आधी त्याचा सामू मोजा. आम्लामुळे मुळे मेली आणि दोष जड धातूंना गेला, ही चूक फार दिसते. सामू टोकाचा असेल तर दोन मालिका लावा, एक आहे तसे पाणी घेऊन आणि दुसरी सामू ७ करून. दोन्हींतला फरक हीच माहिती आहे.

पदार्थ पाण्यात विरघळत नसेल तर डीएमएसओ चालते, पण शेवटच्या द्रावणात ०.१ टक्क्याच्या वर नको, आणि ते सर्व नळ्यांत सारखेच हवे. त्यासाठी वेगळा 'फक्त द्रावक' कंट्रोल लावायलाच हवा. द्रावण गढूळ दिसले किंवा तळाशी कण बसले तर ती संहती खोटी आहे. अहवालात तिला आकडा देऊ नका.

पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे बिघाड हमखास घडवणारा पदार्थ, म्हणून मिथाइल मिथेनसल्फोनेट, लिटरला १० मिलिग्रॅम, २४ तास. तो नसेल तर तुम्हाला 'काही सापडले नाही' असे म्हणण्याचा अधिकार नाही, कारण तुमच्या हाताला आणि डोळ्याला सूक्ष्मकेंद्रक सापडते हे सिद्धच झालेले नसते. हा पदार्थ कर्करोगकारक मानला जातो: हातमोजे, धूरकपाट, वेगळी पिपेट, सांडले तर १० टक्के सोडियम थायोसल्फेटने पुसणे, आणि उरलेले द्रावण वेगळ्या बाटलीत, लेबल लावून, घातक कचऱ्यात. शाळकरी मुलांच्या प्रकल्पात तो नकोच; तिथे मुळांची लांबी मोजण्यापुरतीच चाचणी ठेवा आणि तुलनेला कॉपर सल्फेट वापरा.

प्रयोग

१. कांद्याची बाहेरची सुकी साले काढा. तळाशी जुन्या मुळांची तपकिरी चकती असते. ती ब्लेडने पातळ खरवडा. चकतीच्या कडेला नव्या मुळांचे अंकुर वर्तुळात असतात, ते कापले गेले तर मुळेच येणार नाहीत. पांढरट, ओलसर तळ दिसला की थांबा. सोलून झालेले कांदे सुकू नयेत म्हणून पाण्याच्या भांड्यात ठेवा.

२. नळ्या काठोकाठ पाण्याने भरून त्यावर कांदे बसवा. फक्त तळ पाण्याला टेकला पाहिजे. कांदा बुडाला की दोन दिवसांत कुजतो आणि त्यातून सुटणारे पदार्थच मुळे मारतात. तापमान २० ते २५ अंश यांपैकी एक ठरवा आणि त्यावर ठाम राहा. एका अंशापेक्षा जास्त चढउतार नको. थेट ऊन नको.

३. इथून दोन वाटा फुटतात, त्या एकत्र करू नका. वाढ मोजायची असेल तर २४ तास पाण्यावर ठेवून मुळे फुटलेले कांदे निवडा आणि ७२ तास चाचणी-द्रावणात ठेवा. गुणसूत्रे पाहायची असतील तर मुळे आधी पाण्यातच १५ ते २० मिलिमीटर होऊ द्या, साधारण ४८ तास, आणि मग २४ तास द्रावणात. वाढ पार खुंटलेल्या मुळांत विभाजनच नसते, मग गुणसूत्रे कुठून दिसणार?

४. गरजेपेक्षा जास्त कांदे लावा. प्रत्येक संहतीला सात लावून सर्वांत कमजोर दोन, द्रावणात घालण्याआधीच, काढून टाका. आधीच हे महत्त्वाचे. निकाल दिसू लागल्यावर कांदे गाळणे म्हणजे निकाल घडवणे.

५. द्रावण दर २४ तासांनी बदला. मुळे पदार्थ शोषतात, काही उडून जातो, काही उजेडात मोडतो. बदलण्याच्या मध्ये पातळी खाली गेली तर त्याच संहतीचे द्रावण घाला, पाणी नव्हे.

६. सूक्ष्मकेंद्रक पाहायचे असेल तर द्रावणातून काढलेली मुळे स्वच्छ पाण्यात आणखी २४ तास ठेवा. सूक्ष्मकेंद्रक म्हणजे मागे राहिलेला गुणसूत्राचा तुकडा, आणि तो वेगळा पडायला पेशीला एक विभाजन पुरे करावे लागते. ही विश्रांती न दिल्याने नकारात्मक ठरलेले निकाल बरेच असतात.

७. मुळे तोडण्याची वेळ दररोज तीच ठेवा. मुळांतले विभाजन दिवसभर सारख्या प्रमाणात चालत नाही. कंट्रोल सकाळी नऊला आणि शेवटची संहती दुपारी दोनला तोडली, तर मिळालेला फरक औषधाचा की घड्याळाचा हे सांगता येणार नाही.

स्लाइड

मुळांचे शेवटचे १० मिलिमीटर कापून फिक्सेटिव्हमध्ये २४ तास, ४ अंशांवर. लगेच वापरायची नसतील तर ७० टक्के एथेनॉलमध्ये, फ्रिजमध्ये. काही महिने टिकतात.

स्लाइडच्या दिवशी मुळे पाण्याने दोनदा धुवा आणि ६० अंशांवर १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ५ ते ८ मिनिटे ठेवा. आम्ल आधी गरम झालेले हवे, मुळे घातल्यावर गरम करायचे नाही. यामुळे पेशींना जोडणारे पेक्टिन सैल होते. कमी वेळ दिला तर पेशी ढेकळासारख्या एकत्र राहतात. जास्त दिला तर मूळ हाताळताच विरघळते आणि केंद्रके फिकट दिसतात. नवा लॉट, नवे आम्ल, की ५, ६, ७, ८ मिनिटांचे एकेक मूळ करून आपली वेळ ठरवून घ्या.

पुन्हा धुवा. मूळ स्लाइडवर घ्या. विभाजन होणारा भाग टोकाकडच्या १ ते २ मिलिमीटरमध्ये असतो. भिजलेल्या मुळात तो बाकीच्यापेक्षा अपारदर्शक, दुधाळ दिसतो. टोकावरची मूळटोपी ब्लेडने अलगद काढता आली तर उत्तम. उरलेले मूळ फेकून द्या. हे फेकायला नवखे कचरतात आणि मग स्लाइडवर लांबच लांब, कधीच न विभागणाऱ्या पेशींची गर्दी होते.

कार्मिनचा एक थेंब, सुईने टोक बारीक करणे, १० मिनिटे थांबणे. इथे लोखंडी सुई वापरावी: लोहाच्या अंशाने कार्मिन केंद्रकाला जास्त घट्ट धरते आणि रंग गडद येतो. मग कव्हरस्लिप, वर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. कव्हरस्लिप आडवी सरकली की पेशी गुंडाळल्या जातात आणि ती स्लाइड गेली. दाबण्याआधी पेन्सिलच्या मागच्या बाजूने कव्हरस्लिपवर हलके ठोकले तर पेशी एका थरात पसरतात. स्लाइड ज्योतीवरून एक-दोनदा झटकन फिरवा, उकळू देऊ नका. कडा नेलपॉलिशने बंद केल्या की दोन-तीन दिवस मोजायला मिळतात.

पेशीद्रवही लाल दिसत असेल तर ४५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा थेंब कडेने सोडून दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढून घ्या. कुठल्याच स्लाइडवर विभाजन दिसत नसेल, अगदी कंट्रोलमध्येही, तर कारणे बहुधा तीन: टोकाऐवजी वरचा भाग घेतला, फिक्सेटिव्ह शिळे होते, किंवा आदल्या रात्री खोली गार पडली.

मोजणी

कोणी तरी दुसऱ्याने स्लाइडवरची नावे झाकून सांकेतिक क्रमांक द्यावेत. हा सोपस्कार नाही. कुठली स्लाइड सर्वांत तीव्र द्रावणाची आहे हे माहीत असलेला डोळा तिथे हटकून जास्त बिघाड शोधतो, प्रामाणिक माणसाचाही.

विभाजन निर्देशांक: प्रत्येक कांद्याच्या १००० पेशी मोजा, पाच कांदे म्हणजे ५००० पेशी. विभाजनाच्या कोणत्याही अवस्थेतल्या पेशी भागिले एकूण पेशी, गुणिले १००. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था वेगवेगळ्या नोंदवा. मध्यावस्थेत पेशी साचल्या असतील तर तर्कू अडला आहे हे एकूण आकड्यातून कळत नाही. पूर्वावस्थेची सुरुवात कुठे धरायची यावर दोन मोजणाऱ्यांचे हमखास मतभेद होतात. धागे स्पष्ट वेगळे दिसले तरच पूर्वावस्था, असा नियम करा आणि शेवटपर्यंत पाळा. निर्देशांक कंट्रोलच्या ५० टक्क्यांखाली गेला तर पेशींवर गंभीर ताण आहे असे धरतात. २२ टक्क्यांखालचा घातक.

बिघाड ओळखताना त्याचा अर्थही लिहा, नुसती बेरीज नको. पश्चावस्थेत दोन ध्रुवांना जोडणारे पूल आणि सुटे तुकडे म्हणजे गुणसूत्रे तुटली आहेत. मागे राहिलेले, भरकटलेले अखंड गुणसूत्र, किंवा तर्कूशिवाय विखुरलेली आखूड जाड गुणसूत्रे म्हणजे वाटणीची यंत्रणा बिघडली आहे. एकमेकांना चिकटलेली, डागासारखी दिसणारी गुणसूत्रे बहुधा तीव्र विषारीपणाची खूण. अशी पेशी सहसा सावरत नाही. हे तीन गट वेगळे ठेवले की पुढची कोणती चाचणी घ्यायची तेही कळते.

सूक्ष्मकेंद्रक ठरवण्याचे निकष कडक हवेत: मुख्य केंद्रकाच्या एक तृतीयांशापेक्षा लहान, त्याच्यासारखाच रंग, त्याच पातळीवर फोकस होणारे, त्याच पेशीत आणि केंद्रकापासून पूर्ण सुटे. स्टेनचा कण गडद, कडक कडांचा असतो आणि फोकस हलवला की वरच्या पातळीवर तरंगताना दिसतो. ही गोष्ट विरळ असल्याने कांद्यामागे २००० पेशी तरी पाहा.

आकड्यांशी इमान

सर्वांत जास्त दिसणारी चूक इथे आहे, सूक्ष्मदर्शकापाशी नाही. ५००० पेशी मोजल्या म्हणून तुमचा नमुना ५००० चा होत नाही. एका कांद्याच्या हजार पेशी एकमेकींच्या बहिणी आहेत. द्रावण कांद्याला दिले होते, पेशीला नाही. नमुना पाचचाच. प्रत्येक कांद्याची एक टक्केवारी काढा आणि तुलना त्या पाच-पाच आकड्यांची करा. पेशी हाच एकक धरला तर कोणताही क्षुल्लक फरक लक्षणीय दिसू लागतो, आणि निरुपद्रवी पदार्थ घातक ठरतो. संपूर्ण प्रयोग वेगळ्या दिवशी, नव्या द्रावणांनी, किमान एकदा तरी पुन्हा करा.

वाढीची ईसी-५० काढण्यासाठी, म्हणजे वाढ निम्मी करणारी संहती, प्रत्येक कांद्याच्या मुळांची सरासरी लांबी घ्या. समजा कंट्रोल ४० मिलिमीटर, १० मिलिग्रॅमला ३० म्हणजे ७५ टक्के, ३२ मिलिग्रॅमला १४ म्हणजे ३५ टक्के. पन्नास टक्के या दोहोंच्या मध्ये, ७५ कडून २५/४० म्हणजे ०.६२५ अंतरावर. हे अंतर लॉगरिदमच्या पट्टीवर मोजायचे: लॉग १० हा १, लॉग ३२ हा १.५०५, १ + ०.६२५ × ०.५०५ = १.३१६, म्हणजे सुमारे २१ मिलिग्रॅम प्रति लिटर. साध्या पट्टीवर काढले तर २४ च्या जवळ येते, आणि ते चूक आहे, कारण संहत्या पटीत वाढवल्या होत्या.

मुळे सुजलेली, हुकासारखी वळलेली, तपकिरी टोकांची दिसली तर तेही लिहा. लांबी कमी होण्याआधी ही लक्षणे येतात.

पुढची पायरी: तंबाखूच्या पेशी

बीवाय-२ ही तंबाखूच्या ब्राइट यलो-२ या जातीपासून मिळवलेली पेशीमालिका आहे. आठवड्यात ती ८० ते १०० पट वाढते, त्यामुळे एकाच फ्लास्कमधून डझनभर संहत्यांना पुरतील इतक्या सारख्या पेशी मिळतात. मुराशिगे-स्कूग माध्यम, ३ टक्के साखर, लिटरला ०.२ मिलिग्रॅम २,४-डी हे वाढसंप्रेरक, जादा फॉस्फेट, सामू ५.८. सात दिवसांच्या संवर्धनातले १ ते २ मिलिलिटर ९५ मिलिलिटर ताज्या माध्यमात, २६-२७ अंश, अंधारात, शेकरवर मिनिटाला १३० फेऱ्या. दर आठवड्याला हे चुकवायचे नाही; एक आठवडा उशीर झालेल्या पेशी पुन्हा नीट लयीत यायला दोन-तीन फेरे घेतात.

पदार्थ तिसऱ्या दिवशी, पेशी जोमाने वाढत असताना घाला. २४ तासांनी १ मिलिलिटर काढून त्यात इव्हान्स ब्लू ०.०५ टक्के होईल इतका मिसळा, १५ मिनिटे ठेवा, आणि धुण्याचे पाणी रंगहीन येईपर्यंत धुवा. जिवंत पेशी या रंगाला आत घेत नाहीत, मेलेल्या निळ्या होतात. पेशी साखळ्यांनी राहतात म्हणून एकेक मोजणे जिकिरीचे; त्यापेक्षा ५० टक्के मिथेनॉल आणि १ टक्का एसडीएस (साबणासारखे रसायन) यांच्या मिश्रणाने ५० अंशांवर अर्धा तास रंग सोडवून ६०० नॅनोमीटरला शोषण मोजा. उकळत्या पाण्यात १० मिनिटे ठेवून मारलेल्या तेवढ्याच पेशींचा आकडा १०० टक्के मृत्यू म्हणून धरा.

धातू तपासताना इथे सावध राहा. माध्यमातले फॉस्फेट शिसे तळाशी बसवते आणि लोहासोबत घातलेले ईडीटीए इतर धातूंनाही बांधून टाकते. मुळांना मारणारी मात्रा फ्लास्कमध्ये निरुपद्रवी दिसते ती यामुळे. धातूंसाठी कांदाच चांगला, किंवा पेशी धुऊन साध्या साखर-कॅल्शियमच्या द्रावणात घेऊन चारेक तासांची छोटी चाचणी करावी, आणि अशा वेळी कंट्रोलही त्याच द्रावणातला हवा.

माध्यम दुधाळ झाले किंवा आंबूस वास आला तर जिवाणू शिरले आहेत. तो फ्लास्क ऑटोक्लेव्ह करूनच टाका. यासाठी दर आठवड्याला एक राखीव फ्लास्क वेगळ्या शेकरवर वाढवत ठेवा.